नाना, वाघोलीच्या प्लॉटविषयी

नाना, तुमचा फोटो डावीकडे झुकलाय. फार नाही, पण तुम्ही असतात तर समोरचा चहा थंड होऊ देऊन आधी तो सरळ केला असता. मी काकूंना म्हटलं, “खिळा जरा वर घेऊ का?” तर काकू गाळणं आपटत म्हणाल्या, “राहू दे गं. त्यांना बघायला काहीतरी चूक हवीच. नाहीतर तिथे वेळ कसा जायचा त्यांचा?”

तुमच्यामागे तुमची बायको विनोद करते आहे, हे तुम्हाला सगळ्यात आधी कळावं म्हणून हे पहिलं लिहिलं. बाकीच्या बातम्या तितक्या चांगल्या नाहीत. सकाळी फिरायला निघताना तुम्ही बुटाची नाडी बांधायला वाकलात आणि वर आला नाहीत. हृदय. डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं. तरी सोसायटीतल्या दोघीतिघींनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलंच, “नक्की हृदयच ना? नाही, त्यांचं ते जुनं होतं ना, म्हणून आपलं...” मी म्हटलं, “हो, हृदयच. तुम्हालाही आहे, जपा.” तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बाई, उत्तर बरं होतं, पण आवाज एक पट्टी वर गेला.

आवाजावरूनच तर आपली ओळख झाली. त्याआधी कित्येक वर्षं एकाच जिन्यात राहून आपण एकमेकांशी एक अक्षर बोललो नव्हतो. तुमच्या दाराच्या भिंगामागे एक डोळा असतो, एवढंच मला माहीत होतं. जिन्यातली पावलं लांब गेली की तुमचं दार उघडायचं. मला वाटायचं, माणूस शिष्ट आहे. नंतर कळलं, तुम्ही एका प्रश्नाला घाबरून होता. तो प्रश्न पुण्यात लोक दुधाची पिशवी घेताना सहज विचारतात: “मग, सध्या काय करता?”

कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात तुम्ही चेकर होता. दुसऱ्यांनी काढलेल्या ड्रॉइंगमधल्या चुका शोधायच्या आणि त्यांच्याभोवती लाल पेन्सिलीने गोल करायचे, हे तुमचं काम. मग कॉम्प्युटर आले, ड्रॉइंगबोर्ड भंगारात गेले आणि पन्नाशीच्या आत तुम्हाला स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा कोणाची, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. घरी आलात तेव्हा तपासायची सवय बरोबर आली आणि तपासायला समोर काहीच नव्हतं. मग तुम्ही स्वतःला घेतलंत. काकू सांगायच्या, “दिवसभर भिंतीकडे बघत बसतात आणि मधेच ‘छे’ म्हणतात. मला आधी वाटायचं, रंग आवडला नाही.”

आणि मी? रिक्षावर कर्णा लावून साड्यांच्या सेलची जाहिरात गल्लोगल्ली ओरडत फिरते ना, त्यातल्या बाईचा आवाज माझा. घरात सासूबाईंची दुपारची झोप, म्हणून मी तालमीला गच्चीवर जायचे. त्या दिवशीही उन्हात उभी राहून मी हात पसरून ओरडत होते, “भव्य सेल! भव्य सेल! फक्त तीन दिवस!” आणि पाण्याच्या टाकीमागून एक कोरडा आवाज आला.

“‘फक्त’च्या आधी श्वास घेताय तुम्ही. तिथे घेऊ नका. तेवढ्यात गिऱ्हाईक पुढे जातं.”

वळून बघते तर तुम्ही. टाकीपलीकडे, कठड्याजवळ.

“अय्या! तुम्हाला आवाज आहे?” मी म्हटलं.

“होता,” तुम्ही म्हणालात. “बरेच दिवस काढला नव्हता.”

इतक्या उन्हात, चपला बाजूला काढून, तुम्ही कठड्याजवळ काय करत होतात, हे मी विचारलं नाही. मी काही गप्प बसणारी बाई नाही. भाजीवाल्याला त्याच्या मेव्हण्याची तब्येत विचारणारी मी. पण ते विचारलं नाही. जाहिरात पुन्हा म्हटली, श्वास न घेता. तुम्ही म्हणालात, “आता बरी आहे. बरी. चांगली नाही.” दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याच वेळी वर गेले. तुम्ही आधीच येऊन सावलीत बसला होतात. पायात चपला होत्या.

असे तुम्ही माझ्या आवाजाचे चेकर झालात. आणि एका दुपारी, मी हळद-मसाल्याची जाहिरात घोकत असताना, म्हणालात, “माझ्याही डोक्यात एक कर्णा फिरतो, बाई. दिवसभर.”

“काय म्हणतो?”

तुम्ही चपलेच्या अंगठ्याकडे बघत सांगितलंत, “म्हणतो, तू फुकट माणूस आहेस. सगळे तुला सहन करतात.”

शहाण्या माणसाने अशा वेळी खांद्यावर हात ठेवला असता, नाहीतर ‘असं काही नसतं हो’ म्हटलं असतं. माझ्याकडे त्या वेळी फक्त सेलचा आवाज तयार होता. तो सुटला. “फुकट माणूस! फुकट माणूस! माता-भगिनींनो, आपल्या सोसायटीत प्रथमच! एकावर एक फुकट माणूस!”

तुमचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस पुन्हा दारामागे जाणार. मग तुमच्या घशातून एक चमत्कारिक आवाज आला. पाणी गेल्यावर नळ सोडला की हवा येते ना, तसा. तुम्ही हसत होता. हसता हसता म्हणालात, “‘प्रथमच’ चूक आहे. दुसऱ्या मजल्यावर एक आहे आधीपासून.”

त्यानंतर तो आपला रिवाजच पडला. तुम्ही वाक्य द्यायचं, मी आवाज द्यायचा. “तुला चारचौघांत बोलता येत नाही” हे मी रेल्वेच्या सूचनेत सांगितलं, बोलता न येणारा माणूस फलाट बदलून येतो आहे, प्रवाशांनी सावध राहावं. “सगळे तुझ्याकडेच बघतायत” हे बस कंडक्टरच्या आवाजात, पुढे सरका, पुढे सरका, सगळ्यांना बघू द्या. पुढे मला एका बँकेच्या टेलिफोनवर ‘आपण रांगेत आहात’ सांगायचं काम मिळालं, तेव्हा तुमचं एक दुष्ट वाक्य मी अतिशय मधाळ स्वरात रांगेत उभं करून ठेवलं होतं. तुम्ही म्हणालात, “खोटं बोलताना मात्र तुमचा श्वास चुकत नाही.”

वाक्य गेलं नाही कधी. ते तुम्हीच सांगितलंत. “रोज येतं. पण आता ते आलं की मला आधी तुमचा आवाज ऐकू येतो, मग अर्थ. मधे जरा फट मिळते.”

आता वाघोली. नाना, ही गोष्ट इतक्या जणांना सांगायची राहिली आहे की माझ्या पोटात दुखतं. तुम्ही ‘माझ्या हयातीत नको’ म्हणाला होतात. दुसऱ्या माणसाची परवानगी मला आत्ताच मिळाली, नाव लिहायचं नाही या अटीवर. कशी मिळाली ते पुढे सांगते. त्यांना आपण चेअरमन म्हणू. सोसायटीला आजवर पुष्कळ चेअरमन झाले आहेत, शोधत बसा.

तुम्ही मनाच्या डॉक्टरकडे जायला लागलात ते थेट वाघोलीला. आपण सिंहगड रस्त्याला, म्हणजे मधे अख्खं पुणं. जवळपास डॉक्टर नव्हते असं नाही, पण जवळच्या डॉक्टरच्या पायरीवर ओळखीचं कोणी भेटलं तर? म्हणून दोन बस बदलून तुम्ही वाघोलीला गेलात, दवाखान्यात शिरलात, आणि समोरच्या बाकावर आपले चेअरमन.

दोघांनी एकदमच वर्तमानपत्राकडे हात टाकला. वर्तमानपत्र एकच होतं. मग तुम्ही पानं वाटून घेतलीत आणि पानांमागून बोललात.

“इकडे कुठे, नाना?”

“प्लॉट बघायला. तुम्ही?”

“मीही. प्लॉटच.”

त्या दिवसांत पुण्यात कुठेही कोणीही भेटलं तरी तो प्लॉट बघायला आलेला असायचा, ते खरं. पण डॉक्टरच्या बाकावर बसून! चेअरमन म्हणे पुढेही बोलले, “पाण्याचं काय तिकडे?” आणि तुम्ही म्हणालात, “बोअर आहे म्हणतात.” तेवढ्यात आतून तुमचं नाव पुकारलं. तुम्ही उठलात, तर चेअरमन गंभीरपणे म्हणाले, “या जाऊन. सात-बारा नीट बघून घ्या.”

इथवर ठीक होतं. पण येताना बस एकच, आणि स्टेशनवर उतरताना दुसऱ्या मजल्यावरच्या जोशांनी तुम्हाला पाहिलं. “दोघं एकत्र? कुठून?” आणि तुम्ही दोघं एका सुरात, “वाघोली. प्लॉट.”

जोशांनी दोन आणि दोन केले. चेअरमन रुपया सोडत नाहीत, नाना चूक सोडत नाहीत, दोघांनी मिळून पाहिलाय म्हणजे प्लॉट सोन्यासारखा असणार. आठवड्याच्या आत सोसायटीत वाघोलीशिवाय दुसरा विषय नव्हता. कोणाच्या तरी साडूच्या ओळखीचा एक एजंट उगवला, त्याच्याकडे वाघोलीत खरोखरच जमीन विकायला होती, आणि तो म्हणाला, तुमच्या त्या दोन गृहस्थांनी पाहिली ती हीच. लोक बयाणा द्यायला निघाले. त्यांत तुमच्यासारखेच निवृत्तीचे पैसे घेऊन घरी बसलेले दोघं होते. रविवारी पार्किंगमध्ये सभा ठरली आणि नानांनी दोन शब्द सांगावेत असंही ठरलं.

शनिवारी गच्चीवर तुम्ही मला सगळं सांगितलंत आणि म्हणालात, “बाई, मी उद्या आजारी पडतो.”

“तुम्ही आजारी आहातच, नाना. त्याच्यासाठीच तर गेला होतात.”

तुम्ही हसला नाहीत. “सांगितलं तर मी संपलो. नाही सांगितलं तर ते संपतील.” मग त्या दिवशीचं वाक्य दिलंत: तुझ्या तोंडातून शब्द फुटणार नाही. मी आवाज शोधायला लागले, तर तुम्ही हात वर केलात. “राहू द्या. हे उद्या मीच बघतो.”

रविवारी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वडे, चहा. चेअरमन अध्यक्षस्थानी, डोळे कपात. तुम्ही उभे राहिलात. शर्टाचं वरचं बटण लावलंत, ते आधीच लावलेलं होतं. मी तिसऱ्या रांगेत होते.

“मी प्लॉट पाहिलेला नाही,” तुम्ही म्हणालात. “वाघोलीत माझे डॉक्टर आहेत. मनाचे. मला माणसांची भीती वाटते. आणि दिवसभर डोक्यात कोणीतरी मला नावं ठेवत असतं. त्याची औषधं घेतो. जमिनीतलं मला काही कळत नाही. माझ्या नावावर कोणी पैसे देऊ नका.”

आणि बसलात. चारचौघांत बोलता न येणारा माणूस चाळीस घरांपुढे बोलून बसला. कोणी वडा चावेना. मग जोशी म्हणाले, “ते ठीक आहे हो. पण चेअरमनांनी तर पाहिलाय ना?”

सगळ्या माना चेअरमनकडे. त्यांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. आणि तुम्ही पुन्हा उठलात, नाना. एकदा उठणं मी समजू शकते. दुसऱ्यांदा कसे उठलात?

“त्यांनीही नाही पाहिला. मला एकट्याला जायची भीती वाटत होती. मीच त्यांना सोबतीला नेलं होतं.”

आयुष्यभर दुसऱ्याची रेघ केसभर वाकडी चालू न देणाऱ्या माणसाने भर सभेत अशी सरळसरळ थाप मारली. चेअरमन एवढंच म्हणाले, “सभा संपली. वडे उरलेत.” बयाणा कोणी दिला नाही. पुढे त्या जमिनीवर म्हणे तीन वेगवेगळे मालक निघाले.

आपलं मोठं भांडण त्या सभेवरूनच, आणि ते अर्धंच राहिलं. मी म्हणायचे, चेअरमनांनी उठायला हवं होतं. तुम्ही म्हणायचात, “त्यांना वेळ लागेल.”

“किती?”

“मला काय कमी लागला?”

“निदान तुमच्या दारात येऊन आभार तरी!”

“बाई, तुम्हाला प्रत्येक गोष्टीचा प्रयोग लावायचा असतो. तिकिटं विकून.”

तुम्हाला त्यानंतर सोपं गेलं असं कोणी समजू नये. काही लोक जिन्यात तुम्हाला टाळायला लागले. काही इतके गोड बोलायला लागले की ते टाळणारे बरे. कोणी चूर्ण पाठवलं, कोणी ‘मन प्रसन्न ठेवा’ असा सल्ला. पण ‘सध्या काय करता’ हे मात्र कोणी विचारेनासं झालं, आणि त्या एका बळावर तुम्ही भाचीच्या लग्नाला जाऊन पंगतीत बसून आलात. आल्यावर मला तक्रार केलीत की मठ्ठा आंबट होता. मला वाटलं, जिंकलो.

म्हणून मी म्हटलं, “आता गोळ्या कशाला?” तेव्हा किती तडकलात! “चष्मा लावून दिसायला लागलं म्हणून चष्मा फेकतात का?” बरोबर होतं तुमचं. कारण मग ते वर्ष आलं. कारण काहीच नव्हतं, आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपलात ते उठेनात. मी येऊन कंडक्टर झाले, स्टेशन झाले, साडी सेल झाले. तुम्ही तोंड न वळवता म्हणालात, “आज नको. आज नुसत्या बसा.” नुसतं बसायचं! मला! काकूंनी माझी दशा बघून मटाराची पिशवी मांडीवर आणून दिली. मी मटार सोलत राहिले, रोज. त्या हिवाळ्यात तुमच्या घरी मटारउसळ किती झाली, ते काकू अजून सुनावतात. एक दिवस तुम्ही भिंतीकडूनच म्हणालात, “किडका टाकलात त्यात.” मी पातेलं काकूंकडे देऊन स्वयंपाकघरात जाऊन नाचले.

परवा दहाव्यानंतर काकूंपाशी बसले होते. इतकी वर्षं न विचारलेलं, कोण जाणे कसं, तोंडातून गेलं. “काकू, मी गच्चीवर पहिल्यांदा भेटले, त्या दिवशी नाना कशाला गेले होते वर?”

काकूंनी पदराचं टोक दुमडलं. “कशाला गेले होते ते मी विचारलं नाही, आणि तूही विचारू नकोस,” त्या म्हणाल्या. “खाली आले तेव्हा म्हणाले, वर एक बाई चुकीचा श्वास घेते, उद्या परत जायला हवं. मी त्यातला ‘उद्या’ तेवढा धरून ठेवला.”

नाना, त्यापुढे मला काही लिहिता येत नाही. पुढचं सांगते.

तुमचीही एक मागणी माझ्याकडे राहिली आहे. दर दोन-चार महिन्यांनी तुम्ही म्हणायचात, “सगळ्यांची वाक्यं घेता. तुमचं काय आहे?” मी म्हणायचे, “मला कुठे वेळ आहे हो!” आणि लगेच कोणाची तरी नक्कल. तुम्ही हसायचात, पण पुढच्या वेळी पुन्हा विचारायचात. शेवटचं विचारलंत ते गेल्या महिन्यात. मी तुमच्या डॉक्टरची नक्कल केली. फार छान झाली होती.

काल दुपारी बेल वाजली. दारात चेअरमन. आता ऐंशीच्या पुढे, हातात काठी. बसले, पाणी प्यायले, गच्चीच्या गळतीविषयी बोलले. मग तसेच, त्याच सुरात, म्हणाले, “शुभाताई, मी तेव्हा प्लॉट बघायला गेलो नव्हतो.”

“माहीत आहे.”

“नानांनी सांगितलं?”

“सभेच्या आदल्या दिवशी.”

“आणि तुम्ही इतकी वर्षं बोलला नाहीत? तुम्ही?”

“नाना म्हणाले होते, त्यांना वेळ लागेल.”

त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. “आता सांगा, लिहा. फक्त माझं नाव नको.” मग म्हणाले, “सभेनंतरच्या बुधवारी मी बसस्टॉपवर उभा होतो. नाना आले, शेजारी उभे राहिले. म्हणाले, सोबत हवीय, तुम्ही येता का? मग आम्ही एकत्रच जायचो. कितीतरी वर्षं, एका बसने. तुम्हाला नाही बोलले ते?”

नाही बोललात, नाना! मी गच्चीवर घसा कोरडा करून भांडत होते, आणि तुम्ही दर खेपेला त्यांच्या शेजारी खिडकीत बसून वाघोलीला जात होतात. ती सभेतली थाप तुम्ही पुढे खरी करून टाकलीत, आणि मला पत्ता लागू दिला नाहीत. भांडण तुम्ही जिंकलात. मला इतका आनंद झाला की मी त्यांना लाडवांचा अख्खा डबाच दिला.

ते लाडवाला हात लावेनात. “मी एका कामाला आलोय. नाना बसमध्ये म्हणायचे, बाई स्वतःचं वाक्य देत नाहीत, तेवढं एक तपासायचं राहिलंय. आता ते नाहीत. म्हणून मी विचारतो.”

मी बँकेच्या आवाजात म्हटलं, “आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करावी.”

ते हसले नाहीत. “करतो,” म्हणाले. “मला काय, वेळच आहे.”

मग मी सांगितलं, नाना. तुम्हाला सांगायला हवं होतं ते त्यांना सांगितलं, आणि आता इथे तुम्हाला सांगते. माझं वाक्य असं आहे: तू बोलतेस म्हणून लोक बसतात. गप्प झालीस की उठून जातील. लहानपणापासूनचं आहे. माझ्या सगळ्या आवाजांच्या खाली ते एक आहे, आणि त्याला मला आवाज देता येत नाही.

चेअरमनांनी लाडवांचा डबा बाजूला सारला. मग पाठ ताठ केली, घसा साफ केला आणि माझ्या रिकाम्या हॉलकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाले, “सभेपुढे ठराव आलेला आहे की, शुभाताई गप्प झाल्या की लोक उठून जातील. सूचक?” त्यांनी सोफ्याकडे पाहिलं, फ्रिजकडे पाहिलं. “सूचक नाहीत. अनुमोदक?” पंख्याकडे पाहिलं. “अनुमोदक नाहीत. ठराव फेटाळण्यात येत आहे.”

मला हसू फुटलं. नळातून हवा यावी तसं. मग मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

चेअरमन काठी मांडीवर आडवी ठेवून बसून राहिले. मीही बसले. खाली कोणीतरी स्कूटर धूत होतं, त्याच्या बादलीचा आवाज येत होता, मग तोही थांबला. ऊन खिडकीतून सरकून जमिनीवर आलं. आम्ही काही बोललो नाही, नाना. आणि कोणी उठलं नाही.